मोडलेल्या मांडणीचे दप्तर

चित्र भिंतीवर राहते. मांडणशिल्प बहुधा प्रदर्शनाबरोबरच मोडते. मग त्याचा इतिहास लिहावा कशावरून? विवान सुंदरम् यांनी १९९८ साली कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये, साम्राज्ञीच्याच स्मारकात, आधुनिक बंगालचा स्वातंत्र्याकडील प्रवास मांडला. ती मांडणी तात्पुरती होती. आज तिचा आधार छायाचित्रे आणि कागदपत्रे. २०२३ साली सुंदरम् निवर्तले. आता साक्ष काढावयाची ती कागदांचीच. त्यांच्या व समीक्षक गीता कपूर यांच्या संग्रहाच्या संगणकीय प्रती हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने जतन केल्या आहेत, हे मोठेच कार्य होय. मुदत संपलेल्या फायली नष्ट करण्याच्या याद्या आम्ही कारकून नित्य करतो. कलावंताच्या टिपणांना तीच मुदत लावली, तर एकदा मोडलेली कृती दुसऱ्यांदा, आणि कायमची, मोडेल.