अकराव्या वर्षीची चाळणी



‘अ’ तुकडी आणि ‘ड’ तुकडी यांतील भेद या मांडवात कोणास समजावून सांगण्याचे कारण नाही. आम्ही स्वतः ‘क’ तुकडीतले. तेव्हा पुढील विवेचनात जुनी अढी डोकावली, तर श्रोत्यांनी ती वजा करून घ्यावी.

हुशार मुले एकीकडे व मागासलेली दुसरीकडे बसविली म्हणजे दोघांचेही भले होते, ही समजूत सार्वत्रिक आहे. परंतु एका राष्ट्राने तिच्यावर आपल्या माध्यमिक शिक्षणाची इमारत उभारली, आणि मग तिचा हिशेबही मांडला, असे उदाहरण इंग्लंडचे. म्हणून आज तिकडे जाऊ.

कथेचा आरंभ मात्र पॅरिसचा. १९०५ साली आल्फ्रेड बिने व त्यांचे सहकारी सिमाँ यांनी बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार केली. शाळेत मागे पडणारे मूल ओळखावे आणि त्याला वेगळे साहाय्य द्यावे, एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मतःच ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे, या मताचा बिनेंनी १९०९ मध्ये स्पष्ट निषेध केला. (याच कसोट्या पुढे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी बसविल्या, हे अनेकांना ठाऊक असेल.) पण इंग्लंडात पोचेपर्यंत त्या अवजाराचा उपयोग बदलला. सिरिल बर्ट हे १९१३ मध्ये लंडन कौंटी कौन्सिलचे मानसशास्त्रज्ञ झाले. बुद्धी मुख्यत्वे आनुवंशिक असते व ती बालपणीच मोजता येते, हे त्यांचे मत हळूहळू सरकारी समित्यांच्या अहवालांत उतरले. १९४३ च्या नॉरवुड अहवालाने तर मुलांच्या मनाचे तीन प्रकारच सांगून टाकले: ग्रंथांत रमणारे, यंत्रांत रमणारे आणि केवळ प्रत्यक्ष वस्तूंत रमणारे. आम्हांस यात मानसशास्त्रापेक्षा चातुर्वर्ण्याचा वास अधिक येतो. एक वर्ण कमी, इतकेच.

१९४४ च्या बटलर कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झाले. ही गोष्ट फार मोठी होती, आणि फी भरू न शकणाऱ्या कितीतरी घरांतली मुले तिच्यामुळेच ग्रामर स्कूलमध्ये पोचली, हे मान्य केले पाहिजे. कायद्यात तीन प्रकारच्या शाळांचा उल्लेख नव्हता. धोरणाने मात्र त्या आणल्या: ग्रामर, टेक्निकल आणि सेकंडरी मॉडर्न. टेक्निकल शाळा फारशा निघाल्याच नाहीत. म्हणजे अकराव्या वर्षी गणित, इंग्रजी व बुद्धिमापन यांचे पेपर द्यावयाचे. चारपाचांतील एकाने ग्रामरला जावयाचे आणि बाकी बहुतेकांनी मॉडर्नला.

या परीक्षेची सावली खाली पडली. प्राथमिक शाळांनी सातव्या वर्षापासूनच तुकड्या पाडल्या. ‘अ’ तुकडीला अनुभवी शिक्षक आणि परीक्षेची तालीम मिळाली. इतरांच्या वाट्याला जे उरले ते आले. चाळीस-चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला दोष देण्याचे आमच्या मनात नाही. पण परिणाम पाहा. १९४६ च्या मार्च महिन्यातील पहिल्या आठवड्यात जन्मलेल्या हजारो ब्रिटिश मुलांचा मागोवा जे. डब्ल्यू. बी. डग्लस यांनी घेतला; त्यांचा ग्रंथ १९६४ मध्ये आला. आठव्या व अकराव्या वर्षींचे गुण ताडून पाहता वरच्या तुकडीतील मुले पुढे सरकलेली आणि खालच्या तुकडीतील मागे घसरलेली आढळली. आणि वरच्या तुकडीत जागा कोणाला? नीटनेटक्या घरांतून आलेल्या मुलांना त्यांच्या गुणांच्या मानाने अधिक! त्याच वर्षी ब्रायन जॅक्सन यांनी दाखविले की, ‘अ’ तुकडीत शरद ऋतूत जन्मलेली मुले जास्त भरतात. तेथील शालेय वर्ष सप्टेंबरात सुरू होते. तेव्हा ही मुले वर्गात वयाने सर्वांत मोठी. सातव्या वर्षी आठदहा महिन्यांचे अंतर केवढे असते, हे कोणत्याही आईला विचारावे. वयाचा मोठेपणा बुद्धीच्या खात्यावर जमा झाला आणि पुढची शिकवणी त्या खात्यावर मिळत गेली.

१९७० मध्ये जोन बार्कर लन यांच्या पाहणीने या वादाला वेगळे वळण दिले. तुकड्या असलेल्या आणि नसलेल्या शाळांत सरासरी प्रगतीचा फरक फारसा दिसला नाही. पण तुकड्या मोडलेल्या शाळेतही ज्या शिक्षकाच्या मनात त्या शिल्लक होत्या, त्याच्या वर्गातील सामान्य मुलांचे मन शाळेत रमत नव्हते. आम्हांला हे निरीक्षण सर्वांत महत्त्वाचे वाटते. भिंत पाडता येते; शिक्षकाची नजर सरकारी परिपत्रकाने बदलत नाही.

परिपत्रक निघाले ते १९६५ मध्ये, सर्वांसाठी एकच शाळा करण्याच्या योजना आखा म्हणून. तरीही इंग्लंडात आज सुमारे एकशेसाठ ग्रामर स्कूले आहेत. बर्ट १९७१ मध्ये वारले; तीन वर्षांनी लिऑन केमिन यांनी दाखविले की, जुळ्या भावंडांवरील त्यांच्या अभ्यासांत नमुन्याची संख्या वाढत गेली तरी सहसंबंधाचा आकडा तिसऱ्या दशांशस्थळापर्यंत तोच राहिला होता.

एक गोष्ट मागे राहिली. सेकंडरी मॉडर्नच्या मुलांना बाहेरच्या परीक्षांना बसवू नये, असाच आरंभी अधिकाऱ्यांचा कल होता. १९५१ मध्ये जी. सी. ई. ही नवी परीक्षा सुरू झाली, आणि काही मुख्याध्यापकांनी अकराव्या वर्षी नापास ठरलेल्या आपल्या मुलांना तिला बसविले. त्यांतली बरीच पास झाली. ते दशक संपेपर्यंत अशी मुले हजारोंनी बसू लागली होती.