सागवानातली बंदूक आणि परवान्याचा कागद

जंगलात हरणाच्या शिकारीला कोणती रायफल चांगली, असा प्रश्न हल्ली तरुण मुलं सहज विचारतात. परदेशातले व्हिडिओ पाहून 'आखूड', 'हलकी', 'बोल्ट-अ‍ॅक्शन' हे शब्द त्यांना पाठ झालेले असतात. यवतमाळ जिल्ह्यापुरतं याचं उत्तर सोपं आहे. कोणतीही नाही. चितळ, सांबर, भेकर यांची शिकार हा गुन्हा आहे. पण या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात बंदुका आहेत, कायदे आहेत आणि आपल्या समाजाबद्दलचे काही समज-गैरसमजही आहेत. म्हणून तो नीट सांगायला हवा.

आधी जंगल समजून घेऊ. केळापूर, घाटंजी, उमरखेड या भागातलं रान मुख्यतः सागाचं. सोबत पळस, मोह, तेंदू, बांबू आणि जिथे तिथे माजलेली घाणेरी. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही महिने इथे फार लांबचं दिसत नाही. उन्हाळ्यात साग पानं टाकतो, तेव्हा नजर मोकळी होते, पण पाचोळा पावलापावलाला वाजतो. अशा रानात लांब नळीची, जड बंदूक फांद्यांत अडकते आणि ती खांद्याला लावेपर्यंत जनावर निघून जातं. आखूड आणि हलक्या रायफलीची गरज इथून येते.

बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे हाताने दांडी मागे ओढून रिकामं काडतूस बाहेर काढायचं आणि दांडी पुढे ढकलून नवं आत सारायचं. रचना साधी, मजबूत आणि नेम पक्का. जर्मनीतल्या माउझर कंपनीच्या १८९८ च्या रचनेवर पुढच्या बहुतेक शिकारी रायफली बेतल्या गेल्या. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये चंपावतची वाघीण मारली, तेव्हा त्याला बक्षीस मिळालेली रिग्बी कंपनीची .२७५ रायफल याच जातीची. ऑस्ट्रियातल्या १९०३ च्या मानलिकर-शोनाऊर कार्बाइनची नळी जेमतेम अठरा इंचांची होती. डोंगरात आणि दाट रानात फिरणाऱ्यांना ती फार आवडे.

मात्र हलकेपणाची किंमत असते. तेच काडतूस हलक्या बंदुकीतून उडवलं की खांद्याला धक्का जास्त बसतो, आणि नळी आखूड केली की आवाज व भडका वाढतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ली-एनफिल्ड कापून-छाटून 'जंगल कार्बाइन' काढली. ती हाताळायला सुटसुटीत होती, पण तिचा धक्का आणि सरकणारा नेम या दोन्ही गोष्टींची सैनिक तक्रार करत.

हे झालं लोखंड-लाकडाचं गणित. वऱ्हाडात कोणाच्या हातात कोणती बंदूक असावी, हे मात्र या गणिताने ठरलं नाही. ते कागदाने ठरवलं.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६४ मध्ये यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी हे तालुके वेगळे काढून नवा जिल्हा झाला. तो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला, आणि १९०५ मध्ये पुसद जोडून त्याचं नाव यवतमाळ झालं. याच काळात दोन कायदे आले, दोन्ही १८७८ चे. वन कायद्याने राखीव जंगलातली शिकार सरकारी परवानगीखाली आणली. शस्त्र कायद्याने भारतीयांना बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. गोंड, कोलाम, आंध, पारधी ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या शिकार करत होते, तिथे ते चोर ठरले. साहेब मात्र परवानगीचा कागद घेऊन हाकाऱ्यांसह मचाणावर बसू लागला. हाका घालणारे तेच गोंड आणि कोलाम होते.

बंदुकीचा बोअरसुद्धा राजकारणाने ठरला. .३०३ हे लष्कराचं काडतूस. ते लोकांच्या हाती गेलं तर उद्या बंडवाल्यांच्या बंदुकीत जाईल, ही सरकारची भीती. म्हणून खासगी रायफलींसाठी .३१५ चा बोअर रुळला. इंग्लंडच्या बीएसए कंपनीने ली रचनेवरच .३१५ च्या शिकारी रायफली बनवून भारतात विकल्या. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याने तीच परंपरा चालवली. आजही आपल्याकडे परवान्यावर मिळणारी ओळखीची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल म्हणजे ही .३१५.

१९५९ च्या शस्त्र कायद्यातलं कलम १३ वाचलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. संरक्षण किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, पण तिची नळी वीस इंचांहून कमी नको. पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. म्हणजे आखूड किती असावं, हे जंगलाने नव्हे, कायद्याने सांगितलं. कारण आखूड बंदूक लपवता येते. शेतकऱ्याच्या वाट्याला बहुधा ठासणीचीच आली. ती भरायला वेळ लागे, पावसात दारू ओली होई, आणि रानडुकरांचा कळप तोवर अर्धं शेत उकरून जाई.

आता आपल्या समाजाबद्दल. वऱ्हाडातल्या अनेक मुस्लिम घरांत शिकारीच्या गोष्टी आहेत. आमच्या नात्यातल्या एका घरात बारा बोअरची दुनाळी होती. तिची शान इतकी सांगितली जायची, की जणू तिच्यावरच खानदान उभं होतं. पुढे तिचं काम एवढंच उरलं, की निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर पावती दाखवून परत आणायची. या शानेच्या गोष्टींत एक महत्त्वाचा धागा मात्र हरवतो. तो आहे हलालचा.

'बंदूक' हा शब्दच अरबी 'बुंदुक'वरून आला. बुंदुक म्हणजे गलोलीसारख्या धनुष्यातून मारायची मातीची गोळी. जुन्या फिक्हमध्ये प्रश्न असा होता, की धार नसलेल्या गोळीच्या माराने मेलेलं जनावर खाता येईल का? ते खाता येत नाही, असं मत होतं. पुढे शिशाची गोळी आली, तेव्हा अनेक हनफी उलेमांनी हाच नियम तिला लावला. गोळी कापत नाही, जोराने फोडते. म्हणून जनावर जिवंत असताना गाठून, अल्लाहचं नाव घेऊन जबह केलं तरच ते हलाल. काही उलेमांनी गोळीला बाणासारखं मानून वेगळं मत दिलं, पण आपल्याकडे पहिलं मत जास्त पाळलं गेलं.

याचा अर्थ शिकाऱ्यासाठी काय होतो? जनावर पाहून दुरूनच गोळी झाडायची नाही. जवळ जायचं, धावत पोहोचता येईल इतक्या अंतरावरूनच बार काढायचा. नेम चुकून जखमी झालेलं हरण रानात हरवलं, तर ते हरामही झालं आणि त्याचा जीवही वाया गेला. इंग्रजांच्या शिकारी आठवणींत सुरी घेऊन धावणारा मुस्लिम शिकारी पुन्हा पुन्हा भेटतो. साहेबाची कुरकुर असे, की मान कापल्याने भिंतीवर टांगायचं मुंडकं खराब होतं. त्याला भिंतीची काळजी, याला ताटाची. हलकी बंदूक दोघांनाही हवी होती, पण एकाला जास्त जनावरं मारायला आणि दुसऱ्याला पडलेल्या जनावरापर्यंत वेळेत पोहोचायला.

आपल्या इतिहासात संयमच होता, असंही नाही. जहांगीर बादशहाने आपल्या शिकारीचा हिशेब स्वतःच्या आठवणींत नोंदवून ठेवला आहे आणि तो हजारोंच्या घरात जातो. पन्नाशीच्या आसपास त्याने स्वतःच्या हाताने जीव न मारण्याचा निश्चयही केला होता. पुढे तो मोडला. बादशाही शिकार हे सत्तेचं प्रदर्शन होतं, इंग्रजी शिकारही तेच. एहरामच्या अवस्थेत रानातलं जनावर मारायला कुराणात मनाई आहे. निव्वळ गंमत म्हणून जिवंत प्राण्यावर नेम धरू नये, ही शिकवण हदीसमध्ये आहे. आपण वारसा म्हणून दुनाळीचा फोटो दाखवतो, हा भाग सांगत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही काही जनावरांच्या शिकारीचे परवाने कागदावर शक्य होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते दारही बंद झालं. १९९७ मध्ये केळापूर-घाटंजी भागातलं टिपेश्वर, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं रान, अभयारण्य झालं. तिथे हरणं वाढली आणि वाघही वाढले.

मग २०१८ साल आलं. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात टी-१, म्हणजे अवनी, या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. मेलेले शेतकरी, मजूर, गुराखी होते. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ हैदराबादच्या नवाब शफात अली खान यांचे पुत्र असगर अली यांनी तिला गोळी घातली. आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न, तो फसला तरच गोळी, असा आदेश होता. तो पाळला गेला की नाही, यावर देशभर वाद झाला. माझ्या ओळखीतल्या काहींना बातमीत 'नवाब' वाचून अभिमान वाटला, काहींना नाव वाचून धास्ती. मला दोन्ही चुकीचे वाटले. त्या रात्रीची गोळी कोणत्या धर्माची नव्हती. प्रश्न होता जंगलाच्या काठावर कापूस वेचणाऱ्या बाईच्या जिवाचा, दोन पिल्लांच्या आईचा आणि वनखात्याच्या कारभाराचा.

त्या काठावरच्या शेतकऱ्याची अडचण आजही खरी आहे. रोही आणि रानडुक्कर तूर, कापूस, सोयाबीन उद्ध्वस्त करतात. त्याला हवी आहे वेळेवर मिळणारी नुकसानभरपाई, कुंपणाला मदत आणि अर्जाचं उत्तर. मुलांनी रायफलीची माहिती जरूर घ्यावी, यंत्र म्हणून ती सुंदर गोष्ट आहे. पण शिकारी बापजाद्यांचा वारसा सांगायचाच असेल, तर बंदुकीची लांबी सांगू नका. ती उचलण्याआधी ते किती वेळ थांबत आणि किती जवळ जात, ते सांगा.