मुद्देमालाचा धनी कोण?

व्यापारी माणसाला चोरीची भीती दोन बाजूंनी असते. आपला माल चोरीस जाईल ही एक. आणि आपण रोख पैसे मोजून प्रामाणिकपणे घेतलेला माल दुसऱ्या कोणाच्या तरी गोदामातून चोरलेला निघेल, ही दुसरी. पहिलीसाठी कुलूप आहे, राखणदार आहे, विमा आहे. दुसरीवर फारसा इलाज नाही. या विषयाकडे मी वळलो त्याला कारण घरचेच आहे.

सन १९८३ च्या सुमारास बी. कॉम. होऊन मी नुकताच दुकानाच्या गादीवर बसू लागलो होतो. वडिलांनी एका परिचित दलालामार्फत पॉपलीनच्या दोन गाठी घेतल्या. भाव बाजारापेक्षा थोडा उतरता होता, पण संशय यावा इतका नव्हे. पंधरवड्यानंतर पोलीस आले, पंचनामा झाला, गाठींवर लाखेचे सील बसले आणि हातगाडीवरून त्या ठाण्यात गेल्या. वाटेत लुटलेल्या ट्रकमधील तो माल होता. वडिलांना आरोपी न करता साक्षीदार केले, हे नशीब. तरीही पेठेत कुजबुज व्हायची ती झालीच. खटला चार वर्षे चालला. मूळ मालकाने अर्ज केला, वडिलांनीही केला. न्यायालयाने माल मूळ मालकास दिला. पण तोपर्यंत त्या गाठींना वाळवी लागली होती. म्हणजे माल ना त्यांच्या कामाचा राहिला, ना आमच्या. "पैसे मी मोजले, मग माझा गुन्हा काय?" हा वडिलांचा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला.

मूळ मालक निर्दोष, खरेदीदारही निर्दोष, आणि दोघांच्या मध्ये उभा असलेला चोर बहुधा निष्कांचन! हा पेच फार प्राचीन आहे. आपल्या धर्मशास्त्रकारांनी त्याला 'अस्वामिविक्रय', म्हणजे मालक नसलेल्याने केलेली विक्री, असे नाव देऊन अठरा व्यवहारपदांत स्थान दिले. याज्ञवल्क्यस्मृतीची भूमिका स्पष्ट आहे. दुसऱ्याने विकलेली आपली वस्तू मालकाने परत घ्यावी. खरेदीदाराने विक्रेता पुढे आणला तर तो दोषमुक्त होतो आणि आपली किंमत त्या विक्रेत्याकडून वसूल करतो. परंतु ज्याने लपूनछपून, एकांतात, संशयास्पद माणसाकडून, अत्यल्प मोलाने किंवा अवेळी खरेदी केली, तो चोरच समजावा. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत 'तदाहृतादान', म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे, याची गणना आहे, हे आपणांस ठाऊकच आहे.

इंग्लंडचा कायदा वेगळ्या वाटेने गेला. तेथे एकेकाळी राजाच्या नावे फिर्याद होऊन चोरास शिक्षा झाली की चोरीचा माल राजाच्या खजिन्यात जमा होई. मूळ मालकास तो परत मिळण्याची सोय आठव्या हेन्रीच्या काळी, सन १५२९ च्या कायद्याने झाली. मात्र व्यापाराच्या सोयीसाठी तेथे एक जुनी रूढी टिकून होती. खुल्या, प्रस्थापित बाजारात, दिवसाउजेडी, सद्‌भावनेने घेतलेल्या मालावर खरेदीदाराची मालकी पक्की होई, मग तो माल चोरीचा का असेना. लंडन शहराच्या जुन्या हद्दीत तर रविवार सोडून प्रत्येक दुकानाला, तेथे नेहमी विकल्या जाणाऱ्या मालापुरता, असा बाजार मानीत.

या रूढीची एक गमतीदार कथा आहे. एका गृहस्थाच्या घरातून काचेच्या जुन्या, मौल्यवान शमादानांची जोडी चोरीस गेली. सन १९७० मध्ये लंडनच्या साउथवर्क भागातील बाजारात एका व्यापाऱ्याने ती २०० पौंडांस घेतली. पुढे शमादाने पोलिसांच्या ताब्यात गेली आणि दोघांनीही हक्क सांगितला. खरेदी सद्‌भावनेची होती, बाजारही रूढीत बसणारा होता. पण सौदा पहाटे, सूर्योदयापूर्वीच्या अंधुक उजेडात झाला होता! लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायपीठाने सन १९७३ मध्ये तेवढ्यावरून मूळ मालकाच्या बाजूने निकाल दिला. याज्ञवल्क्याचा 'अवेळी' हा शब्द थेम्सच्या काठी असा पुन्हा उभा राहिला, याचे मला मोठे नवल वाटते. अखेर ३ जानेवारी १९९५ पासून इंग्लंडने ही रूढीच मोडीत काढली.

भारतीय कायद्याने ती कधी स्वीकारलीच नव्हती. सन १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम २७ नुसार विकणाऱ्यापाशी जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्यास मिळतो. त्याला अपवाद आहेत, पण चोराकडून घेणाऱ्यास त्यांचा आधार नाही. फौजदारी न्यायालयाचे काम त्याहून मर्यादित असते. ते मालकीचा अंतिम निवाडा करीत नाही, ताब्यास कोण पात्र एवढेच पाहते. ज्याला तो निर्णय मान्य नाही त्याला दिवाणी न्यायालय मोकळे असते. सन १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत याचे मुख्य कलम ५१७ होते, सन १९७३ च्या संहितेत ते ४५२ झाले. आरोपी सुटला तर ज्याच्या ताब्यातून वस्तू घेतली त्यालाच ती सामान्यतः परत करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सन १९७९ मध्ये सांगितले आहे. वडिलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला कलम ४५३ मध्ये सापडले. चोरास शिक्षा झाली आणि अटकेच्या वेळी त्याच्यापाशी पैसे सापडले, तर माल मालकास परत गेल्यावर त्या पैशांतून निष्पाप खरेदीदाराची किंमत न्यायालय देऊ शकते. आमच्या चोराच्या अंगझडतीत सतरा रुपये निघाले होते.

हक्क ठरेपर्यंत मालाचे काय होते, हा दुसरा प्रश्न. तत्कालीन म्हैसूर राज्यातील एका महिलेचे चोरीस गेलेले दागिने पोलिसांनी हस्तगत केले, परंतु पुढे ते पोलिसांच्याच ताब्यातून नाहीसे झाले. सर्वोच्च न्यायालयाने सन १९७७ मध्ये राज्य शासनास जबाबदार धरून १०,००० रुपये देण्यास लावले. गुजरातमध्ये तर मुद्देमालाची अफरातफर केल्याचा आरोप खुद्द पोलीस कर्मचाऱ्यांवरच आला. त्या प्रकरणात १ ऑक्टोबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की मौल्यवान वस्तूंचा तपशीलवार पंचनामा व छायाचित्रे करून, बंधपत्र व तारण घेऊन त्या हक्कदारास सोपवाव्यात. पंधरा दिवस ते महिना यापलीकडे मुद्देमाल ठाण्यात ठेवू नये.

देवाच्या मूर्तींवरही असे वाद होतात. तमिळनाडूतील पथूर येथे सन १९७६ मध्ये जमिनीत सापडलेला कांस्य नटराज हातोहात विकला जात लंडनला पोहोचला. कॅनडातील एका कंपनीने सन १९८२ मध्ये तो विकत घेतला आणि लंडनच्या पोलिसांनी तो जप्त केला. कंपनीने दिवाणी दावा लावला. समोर भारत सरकार, तमिळनाडू शासन आणि ते भग्न देवालय स्वतः हक्कदार म्हणून उभे राहिले. सन १९९१ मध्ये अपील न्यायालयाने देवालयाचा हक्क मान्य केला आणि नटराज मायदेशी परतला. मूर्ती त्याच देवालयाची हे सिद्ध करताना तज्ज्ञांनी मूर्तीवरची माती आणि वारुळातील वाळवीच्या खुणासुद्धा तपासल्या होत्या. आपल्या विश्वस्तांनी प्रत्येक धातुप्रतिमेचे वजन, उंची, लेख आणि छायाचित्र नोंदवहीत ठेवावे, असे मी सभेत दोनदा सुचविले आहे; येथे तिसऱ्यांदा लिहितो.

दिनांक १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ४९७ नुसार माल न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत त्याचे वर्णन लिहून छायाचित्रे घ्यावयाची, आणि त्यानंतर तीस दिवसांत त्याची विल्हेवाट, नाश, जप्ती वा सुपूर्दगी यांचा आदेश द्यावयाचा आहे. म्हणजे जेमतेम दीड महिना. आमच्या दोन गाठींना चार वर्षे लागली होती, आणि वडिलांच्या खातेवहीत ती रक्कम शेवटपर्यंत 'येणे' याच बाजूला राहिली.