बाई, राणी, महाराणी : चरित्रकोशातील नामनिर्देशाचा प्रश्न

काशीच्या गंगातीरावर, प्रवाहाच्या दिशेने चालत गेल्यास, मराठ्यांच्या इतिहासातील तीन स्त्रियांची स्मृती थोड्या थोड्या अंतराने भेटते. दशाश्वमेधाला लागून अहिल्याबाईंच्या नावाचा घाट आहे. पुढे मणिकर्णिका, जिचे नाव मोरोपंत तांब्यांच्या काशीत जन्मलेल्या मुलीला मिळाले. आणि तिच्यालगत बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला घाट, ज्याला काशीकर 'सिंधिया घाट' म्हणतात. तिघींवर ग्रंथ पुष्कळ झाले. परंतु चरित्रकोशात त्यांची नोंद कोणत्या नावाखाली आणि कोणत्या पदवीने करावी, या प्रश्नाचा विचार मात्र फारसा झालेला नाही. केतकरांच्या ज्ञानकोशापासून मराठीत कोशरचनेची एक परंपरा उभी राहिली असूनही पदव्यांच्या बाबतीत रूढी हीच प्रमाण मानली जाते, आणि रूढी ही मोठी उदार असते. ती कोणालाही महाराणी करते.

अहिल्याबाईंना हिंदी व इंग्रजी संदर्भग्रंथांतून सर्रास 'इंदूरची महाराणी' म्हटले जाते, आणि काशी विश्वनाथाच्या मंदिराची उभारणी (१७८०) तिच्या नावावर नोंदली जाते. या दोन शब्दांत दोन चुका आहेत. त्यांची राजधानी इंदूर नव्हती, महेश्वर होती. इंदूरला तो मान मंदसोरच्या तहानंतर, १८१८ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी मिळाला. दुसरी चूक अधिक खोल आहे. राणी ही राजाची पत्नी. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले, तेव्हा मल्हारराव हयात होते. खंडेराव राजा तर नव्हतेच, पण सुभेदारही झाले नाहीत. मल्हारराव १७६६ साली वारले, नातू मालेराव पुढच्याच वर्षी गेला. त्यानंतर सुभेदारीची वस्त्रे पेशव्यांकडून तुकोजी होळकरांना मिळाली, ते फौजेचे धनी झाले, आणि दौलतीचा कारभार १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी पाहिला. म्हणजे अठ्ठावीस वर्षे एक विधवा सून, जिच्या नावावर पदाची वस्त्रे नव्हती, माळव्याचा मोठा भाग सांभाळीत होती. हे आश्चर्य 'महाराणी' या शब्दाने झाकले जाते. तो शब्द त्यांचा गौरव करतो असे वाटते. वस्तुतः तो त्यांना अस्तित्वात नसलेल्या एका राजाची पत्नी बनवितो आणि त्यांची सत्ता त्याच्याकडून आलेली ठरवितो.

काशीच्या बांधकामाबाबत तर हा घोटाळा आर्थिक इतिहासापर्यंत पोहोचतो. होळकरांच्या घराण्यात 'दौलत' आणि 'खासगी' हे दोन हिशेब वेगळे होते. खासगीची नेमणूक बाजीरावांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्यासाठी करून दिलेली. ती पुढे अहिल्याबाईंकडे आली, आणि तीर्थक्षेत्रांतील देवळे, घाट व अन्नछत्रे यांचा खर्च प्रामुख्याने तिच्यातून चालला. 'महाराणीने मंदिर बांधले' असे लिहिले की वाचक ते राज्याच्या तिजोरीतून बांधले असे समजतो. स्त्रीच्या स्वतंत्र उत्पन्नाची ही संस्था एका चुकीच्या पदवीमुळे नोंदीतून नाहीशी होते.

मग कागदपत्रांतील संबोधन घ्यावे काय? येथेही सावधगिरी हवी. मराठी पत्रव्यवहारातील मायना हा पदाचा निर्देश नसतो. लिहिणाऱ्याचे नाते आणि स्त्रीची वैवाहिक अवस्था तो सांगतो. 'गंगाभागीरथी' म्हणजे विधवा, 'वज्रचुडेमंडित' म्हणजे सौभाग्यवती, 'मातुश्री' म्हणजे वडीलकीचा मान. यांपैकी एखादा शब्द उचलून तो बिरुद म्हणून शीर्षकात बसविणे म्हणजे पाकिटावरचा पत्ता घराचे नाव म्हणून वाचणे होय. 'पुण्यश्लोक', 'देवी', 'लोकमाता' ही विशेषणे लोकांच्या कृतज्ञतेतून आली आहेत, आणि विमानतळाला, विद्यापीठाला किंवा २०२४ साली अहमदनगरला अहिल्यानगर म्हणताना जी भावना असते ती आदरणीयच आहे. पण कोशाचे काम वेगळे. तेथे ही विशेषणे नोंदीच्या पोटात, ती केव्हा व कोणी दिली यासह यावीत.

इंग्रजी सूचींनी आणखी एक करामत केली आहे. 'बाई' हे आडनाव समजून 'बाई, अहिल्या' अशी उलटापालट त्यांत आढळते. फॅनी पार्क्स हिने तर १८५० च्या आपल्या प्रवासग्रंथात बायजाबाईंच्या नावामागे सर्वत्र इंग्रजीतले निश्चित उपपद लावले आहे, जणू बायजाबाई हे एखाद्या पदाचेच नाव असावे! मराठीत 'बाई' हा नावाशी एकजीव झालेला आदरार्थी प्रत्यय आहे. तो तोडता येत नाही.

ही अडचण केवळ मराठ्यांच्या इतिहासाची नाही. उत्तरकालीन रोमच्या अभ्यासकांना ती फार आधी भेटली. 'ऑगस्टा' ही पदवी सम्राट देत असे. सर्वच सम्राटपत्नींना ती मिळाली नाही, आणि कॉन्स्टंटाइनची आई हेलेना, जी कोणाही सत्ताधीशाची राणी म्हणून नव्हे तर माता म्हणून पुढे आली, तिला सुमारे ३२४ साली मिळाली. इंग्रजी ग्रंथ मात्र या सर्वजणींना एकाच 'सम्राज्ञी'वाचक शब्दात गुंडाळतात. गाला प्लासिडिया ही थिओडोसियसची कन्या, ४१४ साली गॉथ राजा अथाउल्फची पत्नी, ४२१ साली ऑगस्टा आणि नंतर बालसम्राटाची पालक. तिच्या नोंदीस कोणती पदवी द्यावी? १९७१ पासून तीन भागांत निघालेल्या रोमन व्यक्तिकोशाने यावर रुक्ष पण प्रामाणिक मार्ग काढला: शीर्षकात नाव, सारख्या नावांना क्रमांक, आणि पदवी तिच्या वर्षासह मजकुरात.

त्याच रोमन इतिहासातील एक तपशील मराठी वाचकाला घरचा वाटेल. अथेन्सच्या एका विद्वानाची मुलगी अथेनाइस हिचा ४२१ साली दुसऱ्या थिओडोसियसशी विवाह झाला, त्याआधी बाप्तिस्म्याने ती युडोशिया झाली. आणि 'एलिया' हे तिच्या अधिकृत नावाच्या आरंभी आलेले पद वस्तुतः पहिल्या थिओडोसियसच्या पत्नीचे कुलनाम, जे पुढे राजस्त्रियांच्या नावांत पदवीसारखे वापरले जाऊ लागले. काशीची मणिकर्णिका तांबे १८४२ साली गंगाधरराव नेवाळकरांशी विवाह होऊन लक्ष्मीबाई झाली, त्यातली प्रक्रिया हीच. कोशकाराने मूळ नावाखाली फक्त निर्देश ठेवावा आणि मुख्य नोंद 'लक्ष्मीबाई नेवाळकर' या नावाने करावी, हे तर्काला धरून आहे. 'झाशीची राणी' हा शोधण्याचा शब्द म्हणून राहीलच.

पण येथे 'राणी' ही पदवी खरी आहे, आणि तिचा उगम चमत्कारिक आहे. झाशीचे नेवाळकर पेशव्यांचे सुभेदार होते. १८३२ साली लॉर्ड बेंटिंकने रामचंद्ररावांना राजेपणाचा किताब दिला. त्यातील फारसी शब्दांचा अर्थ 'इंग्लंडच्या जमशेदतुल्य बादशहाचा सेवक' असा होतो. गंगाधररावांची पत्नी राणी झाली ती या किताबाच्या वारशाने. जी पदवी इंग्रजांनी आपल्या सेवकपणाची खूण म्हणून दिली, तिच्या हक्कासाठी लक्ष्मीबाई १८५४ नंतर अर्ज करीत राहिल्या आणि १८५८ साली ग्वाल्हेरजवळ लढताना पडल्या. भाविकांना हा तपशील रुचणार नाही. पारसनिसांनी १८९४ च्या चरित्राच्या शीर्षकातच त्यांना 'महाराणी' केले होते. परंतु १८३२ हे वर्ष नोंदीतून वगळले तर दत्तकाच्या वादात कंपनीने कशावर बोट ठेवले हेच कळत नाही: जी राजेशाही आपण दिली ती आपण परत घेऊ शकतो, असा त्या युक्तिवादाचा रोख होता.

बायजाबाईंच्या बाबतीत प्रश्न उलट आहे. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी म्हणून त्यांचे महाराणीपद निर्विवाद. वाद आहे तो १८२७ ते १८३३ या सहा वर्षांचा. राज्य पतीने आपल्याकडे सोपविले असे त्या मानीत; कंपनीच्या लेखी त्या दत्तक जनकोजीरावांच्या पालक होत्या. बहुतेक संदर्भग्रंथ त्यांना निःशंकपणे 'रीजंट' म्हणतात, म्हणजे त्या वादाचा निकाल एका पक्षाच्या बाजूने एका शब्दात लावून मोकळे होतात. 'ग्वाल्हेरचा कारभार, १८२७–३३' एवढे लिहून दोन्ही दावे पुढे मांडणे शक्य आहे. आणि मराठी कोशाने त्यांच्या काशीतील घाटाची नोंद 'शिंदे घाट' अशी करून 'सिंधिया घाट' येथून निर्देश द्यावा. त्या घाटाची फरसबंदी स्वतःच्या भाराने खचली, पण त्यांचे आडनाव बदलण्याचे ते कारण होऊ शकत नाही.