शंका एकच, मतं दोन

लोकप्रतिनिधी सभागृहात आपल्या मताचं कारण सांगतो, तेव्हा ते प्रामाणिक आहे का, एवढंच आपण बघतो. पण कारण प्रामाणिक असलं म्हणजे मत योग्य ठरतं का?

अमेरिकेतलं १९६४ सालचं उदाहरण घेऊ. नागरी हक्क विधेयक सिनेटपुढे होतं. हॉटेल, खाणावळ, चित्रपटगृह इथे वर्णावरून कुणाला दारातून परत पाठवता येणार नाही, नोकरीतही भेदभाव चालणार नाही, अशा त्यात तरतुदी होत्या. १८ जूनला अ‍ॅरिझोनाचे बॅरी गोल्डवॉटर यांनी जाहीर केलं, मी विरोधात मत देणार. लक्षात घ्या, १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना याच गृहस्थांनी पाठिंबा दिला होता. त्यांचा आक्षेप सार्वजनिक जागा आणि नोकऱ्या या दोन प्रकरणांना होता. खाजगी व्यवसायात असा हात घालण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्र सरकारला दिलेला नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता दुसरी बाजू बघा. त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे सिनेटमधले नेते एव्हरेट डर्कसन. सुरुवातीला याच दोन प्रकरणांबद्दल त्यांनाही शंका होत्या. पण ते वाटाघाटीला बसले, कलमांची भाषा बदलून घेतली आणि पक्षाची मतं विधेयकामागे उभी केली. दक्षिणेतले सदस्य भाषणं लांबवून विधेयक अडवत होते. १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी ती चर्चा थांबवली गेली. १९ जूनला विधेयक ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झालं. ३३ रिपब्लिकनांपैकी २७ बाजूने होते. गोल्डवॉटर उरलेल्या सहांत.

नोव्हेंबरात गोल्डवॉटर अध्यक्षपदाची निवडणूक हरले. राज्यं जिंकली सहाच: त्यांचं अ‍ॅरिझोना आणि दक्षिणेतली पाच. त्या पाच राज्यांत घटनेचा युक्तिवाद मागे पडला, गोऱ्या मतदारांनी त्यांचा नकार तेवढा ऐकला. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागांचं प्रकरण एकमताने वैध ठरवलं.

आपल्याकडे हा प्रश्न १९५० मध्येच राज्यघटनेच्या कलम १५ ने सोडवला होता. दुकान, उपाहारगृह, हॉटेल इथे धर्म, जात, लिंग यावरून कुणालाही प्रवेश नाकारता येत नाही. मालक खाजगी असला तरी.

शंका घेणं हा लोकप्रतिनिधीचा हक्कच आहे. पण ती फिटेपर्यंत दाराबाहेर कोण उभं राहणार, याचंही उत्तर त्याच्या मतात असतं.