भंगारातून उठलेली विमाने

युद्धाच्या कथा बहुधा तहाच्या दिवशी संपतात. मला आज सांगावयाची आहे ती गोष्ट तेथूनच सुरू होते.

‘लिबरेटर’ हे अमेरिकेचे चार इंजिनांचे जड बॉम्बर विमान. 29 डिसेंबर 1939 रोजी ते प्रथम उडाले आणि पुढील पाच-सहा वर्षांत अठरा हजारांवर विमाने तयार झाली. दुसऱ्या कोणत्याही जड बॉम्बरची इतकी संख्या झाली नाही. 110 फुटांचे लांब, अरुंद पंख हे त्याचे वैशिष्ट्य. अशा पंखाला हवेचा अडथळा कमी, म्हणून तेवढ्याच पेट्रोलमध्ये मजल मोठी. मात्र त्या पंखाला तोफेचा गोळा लागला, की विमान सावरणे कठीण. बंगालमधून उठून ब्रह्मदेश आणि सयामपर्यंत जपान्यांच्या रेल्वेवर मारा करावयाचा तर मजलच महत्त्वाची होती. त्यामुळे आपल्या पूर्व आघाडीवर लिबरेटरच आले. ज्या बंगालमधून ती उडत, त्याच बंगालमध्ये 1943 साली माणसे अन्नावाचून मरत होती, हेही विसरता येत नाही.

युद्ध संपले. ही विमाने इंग्रजांनी अमेरिकेकडून लेंड-लीज कराराने घेतलेली. ती परत तरी करावयाची किंवा नष्ट तरी. कानपूरच्या तळावर ती ओळीने उभी करून इंग्रज सैनिकांनी त्यांची नासधूस केली. आपल्या चोपड्यात ज्यांनी जिनात काम केले आहे त्यांना सांगावयास नको, की यंत्र बिघडणे वेगळे आणि बिघडविणे वेगळे. बिघडलेले यंत्र कोठे अडले ते दाखविते. हेतुपुरस्सर बिघडविलेल्या यंत्रातला प्रत्येक भाग संशयित होतो; दिसायला धड असलेल्या नळीवरही भरवसा ठेवता येत नाही. आणि येथे एकेका विमानाला चौदा-चौदा सिलिंडरांची चार इंजिने!

स्वतंत्र भारताजवळ जड बॉम्बर नव्हते, आणि काश्मिरात लढाई पेटलेली. तेव्हा या भंगाराकडे लक्ष गेले. काम आले बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याकडे. हा कारखाना 1940 साली म्हैसूर सरकारच्या साहाय्याने उभा केला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. 1942 मध्ये सरकारने त्यांचा वाटा विकत घेतला. युद्धकाळात तेथे अमेरिकी विमानांची दुरुस्ती चाले. परक्यांच्या विमानांवर बसलेला तो हात आता आपल्या कामी आला.

परंतु मोडकी विमाने बंगळूरला न्यायची कशी? सरळ रेषेतही अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. मार्ग एकच: कानपुरातच ती उडण्याजोगी करावयाची आणि उडवीत न्यावयाची, आणि खरी दुरुस्ती तेथे पोहोचल्यावर. कारखान्याचे मुख्य चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी हे पत्करले. एका विमानाचे भाग काढून दुसऱ्याला बसवावे, इंजिने चालू करून पाहावीत, आणि निघावे. रणांगणावरील शौर्याला पदके मिळतात. या उड्डाणांतील शौर्य मला त्याहून रतिभरही उणे वाटत नाही. समोर शत्रू नव्हता एवढेच. धोका आपल्याच आसनाखाली होता. अशी 42 विमाने पुन्हा सेवेत आली.

नोव्हेंबर 1948 मध्ये हवाई दलाचे पाच क्रमांकाचे स्क्वाड्रन या विमानांवर उभे राहिले. पुढे त्यांचा मुक्काम पुण्यास, लोहगावला होता. 1951 मध्ये सहा क्रमांकाचे स्क्वाड्रनही पुन्हा उभारले गेले, आणि बॉम्ब टाकण्यासाठी घडविलेले हे विमान समुद्रावर टेहळणी करू लागले. लांब मजलीचा तोच गुण येथे उपयोगी पडला. पहिल्या स्क्वाड्रनला 1957 मध्ये कॅनबेरा विमाने मिळाली. लिबरेटरची सेवा मात्र 1968 पर्यंत चालली. अमेरिकेने आपली लिबरेटर विमाने तोवर केव्हाच वितळवून टाकली होती.

त्यानंतर जे घडले त्याची मला मौज वाटते. इंग्लंड-अमेरिकेच्या संग्रहालयांना लिबरेटर हवे झाले, तेव्हा ते शिल्लक होते भारतात! काही विमाने अमेरिकेत व कॅनडात गेली. एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे. आणि ज्या ब्रिटिश हवाई दलाने कानपुरास ती मोडली, त्याच्याच संग्रहालयाला 1974 साली आपण एक भेट दिले. ते जहाजातून पाठवावे लागले नाही. आपल्या वैमानिकांनी ते इंग्लंडपर्यंत उडवीत नेले.