पेटीतल्या उर्दू गीतपुस्तिका रद्दीत देण्याआधी

स्वातंत्र्याच्या आसपासच्या हिंदी चित्रपटांच्या गीतपुस्तिका, पोस्टर्स आणि 78 आरपीएमच्या रेकॉर्ड संग्राहक आजही शोधत असतात. आपल्यातल्या अनेक घरांत दादा-नानांच्या जमान्यातल्या या वस्तू पेटीत पडून आहेत. नव्या पिढीला उर्दू वाचता येत नाही, म्हणून त्या सरळ रद्दीत जातात. म्हणून आधी त्यांची ओळख करून घेऊ.

गीतपुस्तिका: थिएटरात विकल्या जाणाऱ्या या छोट्या पुस्तिकेत कलाकारांची नावं, शेवट न सांगता दिलेली कथा आणि सगळी गाणी असत. मजकूर बहुधा हिंदी आणि उर्दू, अनेकदा इंग्रजीतही.

महत्त्व का? कारण कित्येक चित्रपटच उरलेले नाहीत. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई, शिवाय चांदी काढण्यासाठीही जुन्या फिल्म वितळवल्या गेल्या. 1931 चा पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ आज कुठेच उपलब्ध नाही. अशा वेळी कागद हाच पुरावा ठरतो.

नूरजहाँ: मेहबूब खान यांचा ‘अनमोल घडी’ (1946) आणि दिलीपकुमारसोबतचा ‘जुगनू’ (1947) गाजले. फाळणीनंतर त्या पाकिस्तानात गेल्या. त्यामुळे त्यांच्या या काळातल्या वस्तू दोन्ही देशांचा वारसा आहेत.

रेकॉर्ड: लाखेच्या या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं मावतं. कमाल अमरोही यांच्या ‘महल’च्या (1949) सुरुवातीच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून लता मंगेशकर यांचं नव्हे, तर चित्रपटातल्या ‘कामिनी’ या पात्राचं नाव होतं. लेबल वाचण्यात संग्राहकांना गोडी वाटते ती यामुळेच.

सांभाळायचं कसं? कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, ओलीपासून दूर ठेवा. रेकॉर्ड उभ्या ठेवा. घरात जुन्या फिल्मचं रीळ सापडलं तर मात्र जाणकाराला विचारा. ते नायट्रेटचं असेल तर आगीचा धोका आहे.

विकताना घाई नको. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या पोस्टर्ससोबत नव्याने छापलेल्या नकलाही मिळतात, त्यामुळे अस्सल वस्तूची पारख महत्त्वाची. विकायचं नसेल, तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून असा ठेवा जपत आहे.

आणि घरात उर्दू वाचणारं कुणी वडीलधारं असेल, तर पुस्तिकेवरची नावं त्यांच्याकडून आजच वाचून घ्या, वहीत उतरवून ठेवा.